बोली कोणाची, सही कोणाची?

प्रो कबड्डीच्या लिलावाचे दिवस जवळ आले की आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये एका निराळ्याच हंगामाची चाहूल लागते. भोसरीच्या मैदानांवर, मोरवाडीच्या चहाच्या टपऱ्यांवर, इतकेच काय, आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावरही एकच चर्चा – यंदा कोण कितीला जाणार? हे 'जाणार' क्रियापद मोठे मासलेवाईक आहे. चाकणच्या बाजारात बैलजोडी अमुक हजारांना जाते, तसा चढाईपटू अमुक लाखांना जातो. २०१४ साली ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पाटण्याच्या संघाने राकेश कुमारला १२ लाख ८० हजारांना घेतले आणि तीच त्या वर्षीची सर्वांत मोठी बोली ठरली. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले, तर आपल्या पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतले. ज्या खेळाला लंगोटीचा आणि मातीचा खेळ म्हणून नाके मुरडली गेली, त्याने नऊ वर्षांत ही मजल मारली. याचा आनंद कोणाला होणार नाही?

पण पुष्कळ सुजाण माणसांना हा प्रकार खटकतो. माणसांचा कसला लिलाव करता, असे ते म्हणतात. त्यांतले काहीजण उपायही सुचवतात – लिलाव बंद करा आणि अमेरिकेतील बास्केटबॉलसारखी 'ड्राफ्ट' पद्धत आणा. तिथे बोली नाही, हातोडा नाही. संघ क्रमाने येतात आणि नवा खेळाडू सन्मानाने निवडून घेतात. ऐकायला हे फार सोज्ज्वळ वाटते. मला मात्र हा उपाय रोगाचे नाव बदलण्यासारखा वाटतो, आणि तो का वाटतो हेच इथे सांगायचे आहे.

ड्राफ्ट ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही. लहानपणी आपण गडी वाटून घेत होतो तेव्हा दोन म्होरके समोरासमोर उभे राहत आणि आळीपाळीने एकेक गडी मागून घेत. ड्राफ्ट म्हणजे तेच. फरक इतकाच, की तिथे गेल्या हंगामात जो संघ तळाशी राहिला त्याला आधी मागण्याचा हक्क असतो. विजेत्याची पाळी शेवटी. ही प्रथा १९४७ पासूनची. आज तीस संघ दोन फेऱ्यांत मिळून साठाच्या आसपास नवे खेळाडू निवडतात. दुबळ्याला बळ द्यावे, म्हणजे स्पर्धेत चुरस राहील, हा त्यामागचा विचार. भांडवलशाहीचे माहेरघर मानल्या गेलेल्या देशात खेळाच्या मैदानावर मात्र हा समाजवाद! अर्थात तोही मालकांच्या सोयीचा.

या सद्‌हेतूलाही लवकरच पाय फुटले. तळाला गेले की चांगला गडी मिळतो, असे दिसल्यावर तळाला जाण्याचीच स्पर्धा लागली. १९८४ साली ह्यूस्टनचा संघ मुद्दाम हरतो आहे, असा बोभाटा झाला. त्या वर्षी पहिली निवड ह्यूस्टनला मिळाली आणि त्यांनी ओलाजुवानला घेतले. (मायकेल जॉर्डन त्या वर्षी तिसऱ्या क्रमांकावर गेला, म्हणजे दोन संघांनी त्याला सोडून दिले, ही त्यातली गंमत.) पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, क्रम ठरवण्यासाठी चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत आली. थोडक्यात, दुबळ्याला मदत करायची तर दुबळेपणाचे सोंग आणणाऱ्यांचा बंदोबस्त आधी करावा लागतो. आपल्याकडच्या सवलतींच्या योजना पाहिलेल्यांना हे नव्याने सांगायला नको.

पण हे सगळे झाले संघांच्या बाजूने. निवडल्या जाणाऱ्या पोराच्या बाजूने पाहिले तर काय दिसते? लिलावात तो कुठे जाणार हे त्याच्या हाती नसते, हे खरे. पण दोन संघांना तोच हवा असेल तर निदान भाव तरी चढतो. ड्राफ्टमध्ये ती चुरसही नाही. ज्याने नाव घेतले त्याचाच तो. दुसऱ्याने त्याच्याशी बोलणे करायचे नाही. म्हणजे लिलावाला नावे ठेवून आपण ज्या पद्धतीकडे जाऊ पाहतो, ती नव्या खेळाडूच्या हातातले एकुलते एक नाणेही काढून घेते.

मग अमेरिकेत ती टिकली कशी? माझ्या मते, आपल्याला शिकण्यासारखे आहे ते इथेच. आणि ते ड्राफ्टमध्ये नसून त्याच्या मागच्या करारात आहे.

ऑस्कर रॉबर्टसन हा त्या काळचा थोर खेळाडू. तो सिनसिनाटीच्या विद्यापीठात शिकला. त्या वेळच्या नियमानुसार आपल्या भागातील कॉलेजच्या खेळाडूवर स्थानिक संघाला आधी हक्क सांगता येई. त्याप्रमाणे १९६० मध्ये सिनसिनाटीच्या संघाने त्याच्यावर हक्क सांगितला. तो एकदा तिथे बांधला गेला की संघ सोडेपर्यंत सुटका नाही, अशीच तेव्हाची रीत होती. १९६४ च्या जानेवारीत बॉस्टनमध्ये निवडक ताऱ्यांचा सामना होता आणि तो दूरचित्रवाणीवर दाखवला जाणार होता. खेळाडूंनी कपडे बदलण्याच्या खोलीत ठाण मांडले – निवृत्तिवेतनाचे वचन मिळाल्याशिवाय आम्ही बाहेर येणार नाही! वेळ टळत चालली, मालक गरम झाले, आणि अखेर वचन द्यावे लागले. पुढे रॉबर्टसन खेळाडू-संघटनेचा अध्यक्ष झाला. १९७० मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी लीगला कोर्टात खेचले. ड्राफ्ट आणि जन्माची बांधिलकी या दोहोंनाच त्यांनी आव्हान दिले होते. सहा वर्षांनी, १९७६ मध्ये, तडजोड झाली. निवडलेल्या खेळाडूवरील संघाचा एकाधिकार एका वर्षापुरता उरला, आणि मुदत संपलेल्या खेळाडूंना हळूहळू दुसरे दार उघडले.

तेव्हापासून तिथला ड्राफ्ट हा मालकांचा हुकूम राहिलेला नाही. तो खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या सामुदायिक कराराचे एक कलम आहे. त्या करारात किमान वेतन आहे. १९९५ पासून पहिल्या फेरीतील नव्या खेळाडूंची वेतनश्रेणीही ठरलेली आहे. एरवी तिथल्या मक्तेदारीविरोधी कायद्यापुढे ही पद्धत टिकणे कठीण होते. दुसऱ्या बाजूने सही केली, म्हणून ती टिकली.

या गोष्टीलाही एक काळी किनार आहेच. १९९५ ची वेतनश्रेणी नव्यांच्या कमाईला लगाम घालणारी होती, आणि तिला मान्यता देणारे होते जुने, प्रस्थापित खेळाडू. जे अजून संघटनेत आलेच नव्हते त्यांचा घास त्यांच्या गैरहजेरीत वाटला गेला. पिंपरी ते चाकण पट्ट्यातल्या कोणत्याही कामगाराला हे ऐकून नवल वाटणार नाही. कायम कामगारांचा वेतनकरार दणक्यात होतो, पेढे वाटले जातात. आणि त्याच शॉपमध्ये, त्याच मशीनवर उभा असलेला ठेकेदाराचा पोरगा किंवा ट्रेनी त्या करारात कुठेच नसतो. संघटना असली म्हणजे न्याय झालाच, असे नव्हे. पण संघटनाच नसेल तर बोलायचे तरी कोणाशी?

आता आपल्याकडे पाहू. ड्राफ्ट आपल्याकडेही होऊन गेला आहे. २००८ मध्ये आयपीएल सुरू होताना एकोणीस वर्षांखालील खेळाडूंसाठी बोली न लावता क्रमाने निवड झाली. नुकताच विश्वचषक जिंकून आलेला विराट कोहली हा दिल्लीचाच मुलगा. पण दिल्लीच्या संघाने गोलंदाज हवा म्हणून प्रदीप सांगवानला घेतले आणि कोहली बंगलोरच्या वाट्याला गेला. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. २०१५ च्या डिसेंबरात तर पुण्याच्याच नावाने ड्राफ्ट झाला. चेन्नई आणि राजस्थानचे संघ दोन वर्षांसाठी बाद ठरले होते. त्यांचे खेळाडू पुणे आणि राजकोट या दोन नव्या संघांनी आळीपाळीने उचलले. पहिली पाळी पुण्याची, आणि पहिले नाव धोनीचे – साडेबारा कोटी. मग राजकोटने रैना घेतला, पुण्याने रहाणे, त्यांनी जडेजा, आपण अश्विन. आपल्याला गहुंजेला धोनी मिळाला म्हणून केवढा जल्लोष झाला होता! २०१६ च्या दुष्काळामुळे मे महिन्यातले सामने महाराष्ट्राबाहेर गेले, २०१७ च्या अंतिम सामन्यात एका धावेने हार झाली, आणि ठरल्याप्रमाणे दोन वर्षांनी संघच मिटला. धोनीला त्याची झळ लागण्याचे कारण नव्हते. पण असे संघ मिटतात तेव्हा यादीतल्या बाविसाव्या खेळाडूचे काय होते, हे कोणी विचारत नाही.

कबड्डीत तर हा बाविसावा खेळाडूच आपला खरा माणूस आहे. वरच्या दोन कोटींची बातमी होते. पण २०२३ च्या लिलावात सर्वांत खालच्या 'ड' गटाची पायाभूत किंमत ९ लाख होती, आणि पाचशेहून अधिक नावांतून बारा संघांना माणसे घ्यायची होती. बहुसंख्यांचे नाव पुकारले गेले तरी बोली आलीच नाही. अगदी कोवळ्या पोरांसाठी आणखी एक वाट आहे. 'नवोदित' म्हणून संघ त्यांना लिलावाबाहेर थेट करारबद्ध करतात आणि पुढेही ठरावीक अटींवर राखून ठेवतात. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार याच वाटेने पलटणमध्ये आला, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असे नमवून त्याने कप्तान म्हणून पलटणला पहिले विजेतेपद मिळवून दिले. पोरांवर भरवसा टाकणाऱ्या संघाचे कौतुक केलेच पाहिजे. पण ही 'राखून ठेवण्याची' वाट म्हणजे रॉबर्टसनने ज्याविरुद्ध दावा लावला त्याच झाडाची फांदी नव्हे काय? फरक एकच – या अटींवर खेळाडूंच्या वतीने सही करणारे कोणी टेबलाशी बसलेले मला दिसत नाही. क्रिकेटमध्येही २०१९ साली संघटना निघाली, ती माजी खेळाडूंची. जो आज खेळतो त्याने गप्प राहावे, असाच आपला शिरस्ता दिसतो.

'कबड्डीला चार पैसे मिळू लागले तोच तुम्ही लाल बावटा घेऊन आलात का?' असे कोणी म्हणेल. लीग लहान आहे, तोट्यात गेली तर मालक पाठ फिरवतील, हे भय अगदीच खोटे नाही. पण आपल्या गावाने हा युक्तिवाद याआधीही ऐकला आहे. १९८९ मध्ये टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यापुढे उपोषणाला बसले तेव्हाही कारखाने निघून जातील, असे भाकीत झाले होते. त्या लढ्याच्या बऱ्यावाइटाबद्दल मतभेद असू शकतात. पट्टा मात्र चाकणपर्यंत पसरला.

पूर्वीचा कबड्डीपटू व्यावसायिक गटात खेळे तो महिंद्राचा, एअर इंडियाचा, भारत पेट्रोलियमचा म्हणून. खेळाडू म्हणून मिळालेली ती नोकरी गुडघा गेल्यावरही राहत असे. भविष्यनिर्वाह निधी होता, दवाखान्याचे कार्ड होते. आज नाव मोठे आणि हंगाम तीन महिन्यांचा आहे. बळ्ळोके या पंजाबातल्या खेड्याचा सतनाम सिंग २०१५ मध्ये डॅलसच्या संघाने बावन्नाव्या क्रमांकावर निवडला, तेव्हा देशभर पेढे वाटले गेले. त्या लीगचा एकही नियमित सामना त्याच्या वाट्याला आला नाही. निवड होणे आणि पोट भरणे यांत एवढे अंतर असते. मुलींना तर हे अंतर मोजण्याचीही संधी नाही. २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा प्रो कबड्डीच्या जोडीला झाली, आणि मग पुढच्या हंगामांत ती दिसली नाही.

तेव्हा लिलाव की ड्राफ्ट, हा वाद मी तूर्त बाजूला ठेवीन. आपल्या कॉलेजातून उद्या जो कोणी जाईल – आणि भोसरीकडची पोरे पाहता जाईल असे वाटते – त्याच्यापुढे इंग्रजी कागदाचा एक गठ्ठा येणार आहे. दुखापतीचा खर्च कोणाचा, हंगामाच्या मध्यात काढले तर पैसे किती, आणि किती वर्षे दुसरीकडे जाता येणार नाही, एवढे तरी त्याला त्यातून वाचता आले पाहिजे. जिमखान्याने यंदा गणवेशाच्या खर्चातून थोडे वाचवून, कामगार कायदा जाणणाऱ्या एखाद्या वकिलाची दोन व्याख्याने ठेवावीत. या गावात असे वकील शोधायला लांब जावे लागणार नाही.