कपभर म्हणजे किती?

माझा स्वभाव तसा शांत आहे. बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं बसलेल्या माणसाला शांत राहण्यावाचून गत्यंतर नसतं. पण पाककृतीत ‘एक कप मैदा’ हे तीन शब्द दिसले की माझं पित्त खवळतं.

त्याचं असं झालं. चिरंजीविनींना कॉफीच्या चवीच्या चॉकलेट कुकीज हव्या होत्या. (आमच्या लहानपणी हिला बिस्किट म्हणत आणि चहात बुडवून खात.) सौ.नं पुस्तक उघडलं. ओव्हन 180 अंश. वेळ 12 मिनिटं. लोणी 100 ग्रॅम. वा! काय हिशेबी माणूस! आणि पुढे? ‘एक कप मैदा.’

कोणता कप? घरात कप एकच, चहाचा. त्यात मावतं 150 मिलिलिटर. मैदा कमी पडला आणि बारा कुकीज ओव्हनमध्ये पसरून एकमेकींत अशा मिसळल्या, की सुरीनं वाटण्या करून द्याव्या लागल्या.

पुढच्या रविवारी सौ.नं 240 मिलिलिटरचा मापाचा कप आणला आणि मैद्याच्या डब्यात खुपसून चांगला दाबून भरला. त्या कुकीजनी माझी दाढ हलली. शिवाय कृतीत ‘दोन चमचे कॉफी’ होती, म्हणून तिनं फिल्टरची पावडर घातली. ती विरघळत नाही. खाताना दातांखाली दंतमंजन आल्यासारखं वाटत होतं. लिहिणाऱ्यानं ‘इन्स्टंट’ एवढा एक शब्द जास्त लिहिला असता तर शाई संपली असती का?

तेव्हा मी बोलून गेलो, “तुझा हातच नाही या पदार्थाला.” सौ. काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा काहीतरी फार चुकलेलं असतं, एवढं मला कळतं.

तिसऱ्या रविवारी मी वजनकाटा आणला. तोच 240 चा कप चमच्यानं अलगद भरून वर सपाट केला. मैदा भरला 120 ग्रॅम. मग तोच कप दाबून भरला. 150 ग्रॅम! कॅशमध्ये तीस रुपयांचा फरक आला तर आम्ही घरी जात नाही, आणि इथे तीस ग्रॅमचा फरक छापून विकतात!

यावर लोक म्हणतात, “आपल्या आज्या सगळं अंदाजानंच करायच्या.” करायच्या ना. आमटीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं. ओव्हनमध्ये गेलेल्या कुकीत मैदा कुठून घालणार? शिवाय याच आज्या मापट्यानं धान्य घेताना शीग लावायची की सपाट, यावर वाण्याशी आधी भांडून घ्यायच्या. अमेरिकेत फॅनी फार्मरबाईंनी 1896 सालच्या पुस्तकात कप-चमचे सुरीनं सपाट करा म्हणून बजावलं होतं. आम्ही कप तेवढा घेतला, सुरी तिकडेच राहिली. बरं, कपाकपातही एकमत नाही. अमेरिकेचा साधारण 237 मिलिलिटर, ऑस्ट्रेलियाचा 250, जपानचा 200. सरकारनं 1956 साली कायदा करून शेर-पायली घालवली, ती काय त्यांच्या जागी कपबशी बसवायला?

माझी मागणी एवढीच आहे : ग्रॅम लिहा. तुमच्या आळसापायी घरोघरच्या बायका ‘हात नाही’ म्हणून बोलणी खातात. चूक कपाची असते आणि रक्कम त्यांच्या नावे पडते.

त्या रविवारी 120 ग्रॅम मैदा आणि गरम पाण्याच्या थेंबात विरघळवलेली इन्स्टंट कॉफी घालून सौ.नं ज्या कुकीज केल्या, त्या जाळीवर निवेपर्यंतसुद्धा टिकल्या नाहीत. मी चुकीची नोंद सर्वांसमक्ष उलटवली. म्हणालो, “तुझा हात पहिल्यापासून बरोबर होता.”

संध्याकाळी शेजारच्या वहिनी कृती विचारायला आल्या. सौ.नं वजनकाटा हळूच ओट्याखाली सरकवला आणि म्हणाली, “अगदी सोप्या आहेत हो. कपभर मैदा घ्यायचा...”