सिंदखेडला ‘राजा’ काऊन म्हणतात?

(सदर : गावाची कुंडली)



सहलीची तयारी म्हणून मी वर्गात जिल्ह्याचा नकाशा लावला होता. खामगाव, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा अशी छडी फिरवत रस्ता दाखवत होतो. चौथीतल्या एका पोरानं हात वर केला. “सर, दोन्ही गावांच्या मांगं राजा काऊन लावते? एका जिल्ह्यात दोन राजे कसे काय?” लगेच दुसरा म्हणाला, “दोन नाई, तीन! आपलं पिंपळगाव राजा राह्यलं!”

प्रश्न बिनतोड होता. पिंपळगावचं पुन्हा कधी तरी पाहू. आज सिंदखेडच्या राजाला शोधून काढू.

गावांच्या नावांना अशी शेपटं असतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. एक गाव बुद्रुक, शेजारचं खुर्द. बुद्रुक हा शब्द फारसी ‘बुजुर्ग’वरून आला, म्हणजे थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. सुलतानांच्या काळात साऱ्याचे हिशेब लिहिताना कारकुनांना एकाच नावाची दोन गावं वेगळी दाखवायची असत, तेव्हा ही शेपटं कामी आली. म्हणजे तुमच्या गावच्या पाटीवर मध्ययुग बसलेलं आहे, बरं का! येता-जाता आपण ते वाचतो, एवढंच.

तेव्हा आपल्या वऱ्हाडावर राज्यं तरी किती आली! देवगिरीचे यादव गेले, बहमनी सुलतान आले. मग एलिचपूरची, म्हणजे आजच्या अचलपूरची, इमादशाही १४९० पासून १५७४ पर्यंत. ती अहमदनगरच्या निजामशाहीनं गिळली. आणि १५९६ साली चांदबिबीला वऱ्हाड मोगलांना द्यावं लागलं. आमच्या वर्गात ही यादी पाठ करताना पोरांचे चेहरे पडतात. पण गंमत पाहा, सुलतान बदलला तरी गावातली माणसं बदलत नव्हती. गावाचा कारभार पाटील पाहायचा, हिशेब कुलकर्णी लिहायचा. पुष्कळ गावं मिळून परगणा. परगण्याचा प्रमुख देशमुख आणि त्याचा हिशेबनीस देशपांडे. ही सगळी वतनं. वतन म्हणजे बापाकडून मुलाकडं, मुलाकडून नातवाकडं जाणारा हक्क.

सिंदखेड हा असाच एक परगणा. लोक सांगतात, की तिथली देशमुखी आधी मुळे घराण्याकडे होती; पुढे ती लखुजी जाधवांकडे आली. देवगिरीच्या यादवांचे आम्ही वंशज, असं जाधव घराणं मानतं. तर आपल्या पोराच्या प्रश्नातले ‘राजा’ ते हेच! लखुजीराजे जाधव. देऊळगाव राजाही याच घराण्याचं. तिथलं बालाजीचं देऊळ तुमच्यापैकी कित्येकांनी यात्रेत पाहिलं असेल.

पण थांबा. हे राजे खरंच राजे होते का? नाणं पाडायचं तर सुलतानाचं. हुकूम सुटायचा तो सुलतानाच्या नावानं. मग लखुजीराजांकडं होतं काय? दोन गोष्टी. एक वतन, ते मी सांगितलं. दुसरी जहागीर. जहागीर म्हणजे एक प्रकारचा पगारच. समजा, सरकारनं मला सांगितलं, “गुरुजी, आजपासून तुम्हाला पगार नाही. त्याऐवजी अमुक पाच गावांचा सारा तुम्हीच गोळा करा. त्यातून घर चालवा आणि शंभर घोडेस्वार तयार ठेवा. बोलावलं, की घेऊन यायचं.” झालो मी जहागीरदार! (शंभर घोड्यांना चंदी घालायची म्हणजे डोक्याला ताप, मला तर आमची साठ पोरंच आवरत नाहीत.) उद्या सुलतानाची मर्जी फिरली, तर पाच गावं काढून घेऊन तो दुसऱ्याला देणार. जहागीर अशी काढता यायची. वतन मात्र सहजासहजी निघत नसे. म्हणून लोक वतनासाठी जीव द्यायला आणि घ्यायलाही तयार असत.

अशीच पद्धत तिकडं दूर फ्रान्स देशातही होती. तिथल्या खेड्यात एका टोकाला चर्च, दुसऱ्या टोकाला जमीनदार सरदाराचा वाडा. शेतकऱ्यानं वर्षातले काही दिवस सरदाराच्या शेतात फुकट राबायचं, म्हणजे आपल्याकडची वेठच. आणखी एक विचित्र नियम होता. पुष्कळ गावांत पाव भाजायचा तो सरदाराच्याच भट्टीत आणि दळायचं तेही त्याच्याच चक्कीवर, वर त्याचे पैसे द्यायचे! आपल्याकडं देशमुखाच्या चुलीवर भाकरी भाजायला कोणी जात नव्हतं. घरोघरी जातं होतं. पण खळ्यावर धान्याची रास पडली, की तिचे वाटे पाडायला माणसं उभी राहायची. सरकारचा सारा, देशमुखाचा हक्क, पाटलाचा हक्क. मग सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग, चांभार यांचं बलुतं. यात बलुतेदार वर्षभर राबून आपल्या घामाचं नेत होते, हे विसरू नका. त्यातल्या काहींच्या वाट्याला काम सगळ्यात जास्त आणि मान काहीच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाबद्दल विधेयक मांडलं, ते यासाठीच.

आता सिंदखेडच्या वाड्यात जाऊ. दरवाजा पाहिला, की मान मागं करून पाहावं लागतं. याच वाड्यात १२ जानेवारी १५९८ या दिवशी जिजाऊंचा जन्म झाला असं मानतात. आईचं नाव म्हाळसाबाई. दर १२ जानेवारीला तिथं किती माणूस लोटतो, ते मी सांगायला नको. वाड्यातच रंगमहाल आहे. तिथली रंगपंचमीची गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकली असेल : छोटी जिजा आणि छोटा शहाजी एकमेकांवर रंग उडवतात, लखुजीराजे थट्टेनं म्हणतात, जोडा शोभतो, आणि मालोजीराजे ती थट्टा धरून बसतात! गोष्ट म्हणून छान आहे. इतिहासकार तिला पुरावा मागतात.

पुढं मात्र थट्टा राहिली नाही. एकदा निजामशाहीचा दरबार सुटला आणि खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला. सोंडेनं माणसं फेकू लागला. जाधवांची माणसं त्याला मारायला धावली, भोसल्यांची माणसं वाचवायला. हत्ती बाजूला राहिला आणि तलवारी एकमेकांवर चालल्या. लखुजीराजांचा मुलगा दत्ताजी पडला. चिडलेल्या लखुजीराजांनी शहाजीराजांच्या चुलतभावाला, संभाजीला, ठार केलं. जिजाऊंच्या माहेरचा एक गेला आणि सासरचा एक. एका हत्तीपायी! पण मला विचाराल तर दोष हत्तीचा नव्हता. प्रत्येक सरदाराची फौज वेगळी, निशाण वेगळं. ती फौज सुलतानाची नसायची, आपापल्या धन्याची असायची. तिथं ठिणगी पडायला हत्तीच लागतो असं नाही.

अशा बलाढ्य सरदाराला सुलतान जपायचा आणि त्याला भ्यायचाही. लखुजीराजे मधल्या काळात मोगलांना मिळाले होते. तेव्हा त्यांच्या सगळ्या कुटुंबाला मिळून चोवीस हजारांची मनसब आणि पंधरा हजार स्वार दिल्याची नोंद आहे. पुढं ते निजामशाहाकडं परत आले. २५ जुलै १६२९. दौलताबादच्या किल्ल्यात ते मुलांसह निजामशाहाच्या भेटीला गेले आणि दरबारातच दगा झाला. लखुजीराजे, मुलं अचलोजी आणि राघोजी, नातू यशवंतराव, चौघेही एकाच दिवशी मारले गेले. तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या. पुढच्या फेब्रुवारीत, १९ तारखेला, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. बाप, दोन भाऊ आणि भाचा गेल्याची बातमी त्यांनी कशी ऐकली असेल? पुस्तकात ते एका ओळीत येतं, म्हणून पोरं लवकर पान उलटतात. मी थोडं थांबतो.

लखुजीराजांची समाधी सिंदखेडला आहे. प्रचंड आहे. सहलीत पोरं तिच्याभोवती पळापळी करतात, करू द्यावी. पण त्यांना पुढं न्यावं ते पुतळा बारवेकडं. पायऱ्यांची विहीर आणि भिंतींवर कोरलेल्या पुतळ्या. मग मोती तलाव, त्याचा दगडी बांध. काळाकोटाच्या जाडजूड भिंती. नीळकंठेश्वराचं देऊळ तर जाधवांच्याही आधीचं, हेमाडपंती. तलावाशी मी पोरांना हमखास एक प्रश्न विचारतो : हा बांधला कोणी? “लखुजीराजांनी!” सगळे एकदम. मग मी म्हणतो, त्यांनी किती टोपल्या वाहिल्या? तेव्हा कुठं पोरं विचारात पडतात.

आता एक गंमत ऐका. देशमुखाच्या वाड्यात जन्मलेल्या जिजाऊंच्या मुलानं पुढं काय केलं? देशमुखांचे पंख कापले! शिवाजी महाराजांच्या मागं लवकरच कृष्णाजी अनंत सभासदानं बखर लिहिली. त्यात तो सांगतो, की हे वतनदार गावातून हजार-दोन हजार वसूल करायचे आणि सरकारात दोनशे-तीनशे भरायचे. रयत गरीब आणि वतनदारांचे मात्र वाडे, कोट, प्यादे, बंदुका. महाराजांनी ते कोट पाडले, देशमुखांचे हक्क ठरवून दिले आणि साध्या घरात राहा म्हणून बजावलं. पुढं वतनदारांना पुन्हा बळ आलं, ही गोष्ट वेगळी. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त वतनदारांना कसं सांभाळावं आणि कसं दाबात ठेवावं, यावर एक अख्खं प्रकरण आहे.

सिंदखेडचे जाधव नंतर निजामाकडं राहिले. हैदराबादचं ते निजामाचं राज्य उभं राहिलं कुठं, माहीत आहे? सिंदखेडच्याच मुलखात, साखरखेर्ड्याला! तिथं १७२४ साली निजामानं मुबारिझखानाला हरवलं आणि दख्खन ताब्यात घेतलं. डिसेंबर १७५७ मध्ये विश्वासराव आणि दत्ताजी शिंदे यांच्या मराठी फौजेनं खुद्द सिंदखेडला निजामाच्या बाजूच्या रामचंद्र जाधवांना वेढा घातला. म्हणजे जिजाऊंच्या मुलानं उभ्या केलेल्या राज्याची फौज जिजाऊंच्या माहेरावर चालून आली. १८५१ साली जाधवांच्या निशाणाखाली लढलेल्या अरब शिपायांवरून चकमक झाली आणि निजामानं त्यांची जहागीर जप्त केली. दोनच वर्षांनी, १८५३ मध्ये, वऱ्हाड इंग्रजांकडं गेलं.

फ्रान्समध्ये सरदारांचे खास हक्क एका रात्रीत रद्द झाले, ४ ऑगस्ट १७८९ च्या. (रात्रभर भाषणं चालली होती म्हणे!) आपल्याकडं एका रात्रीत काही होत नाही. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होतं. तिथल्या १९५० च्या कायद्यानं जहागिरी गेल्या. महाराष्ट्रात मुलकी पाटलाचं पद १९६२ च्या कायद्यानं रद्द झालं. आता असतो तो पोलीस पाटील. त्याची नेमणूक होते, ते पद वारशानं मिळत नाही.

यंदाचा गृहपाठ : आपल्या गावाच्या नावामागं कोणतं शेपूट आहे? गावात ‘देशमुखाचा वाडा’, ‘पाटलाचा मळा’, ‘इनाम’ अशी नावं कुठं ऐकू येतात? आजोबांना विचारा. आजीला आधी विचारा, तिला जास्त माहीत असतं. आणि पोस्टकार्डावर लिहून पाठवा. अक्षर नीट काढा रे!