हकालपट्टीची किंमत

नोकरीची शाश्वती म्हणजे काय, हे आपल्याकडील शिक्षकास वा कारकुनास सांगावयास नको. पद टिकले तर वेतन टिकते, एवढाच तिचा अर्थ. अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल प्रशिक्षकांनी मात्र तिला निराळाच अर्थ प्राप्त करून दिला आहे : पद गेले तरी वेतन टिकले पाहिजे!

टेक्सास ए अँड एम या सरकारी विद्यापीठाचे उदाहरण बोलके आहे. २०१७ साली तेथे जिम्बो फिशर यांच्याशी १० वर्षांचा, ७.५ कोटी डॉलरचा करार झाला. २०२० च्या हंगामात संघाने १० पैकी ९ सामने जिंकले. लगोलग २०२१ मध्ये, मूळ कराराची बरीच वर्षे शिल्लक असतानाच, त्यांना २०३१ पर्यंत मुदतवाढ मिळाली. पुढच्याच वर्षी संघाला १२ पैकी ५ सामनेच जिंकता आले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये फिशर यांना निरोप देण्यात आला. करारान्वये त्यांचे देणे निघाले ते ७.५ कोटी डॉलरहून अधिक. काम करण्यासाठी मुळात जेवढी रक्कम ठरली होती, तेवढी काम न करण्यासाठी देण्याची पाळी आली.

शहाणीसुरती माणसे असे करार का करतात? पहिले कारण खेळाडूंच्या भरतीत आहे. सतरा-अठरा वर्षांचा होतकरू खेळाडू विद्यापीठ निवडताना प्रशिक्षक आणखी चार वर्षे राहील काय, हे पाहतो. कराराची दोनच वर्षे उरली, की प्रतिस्पर्धी विद्यापीठे त्याचे भांडवल करतात. दुसरे कारण, यशस्वी प्रशिक्षकाला अन्यत्र मागणी येईल ही धास्ती. ती खरी असो वा दलालाने पसरविलेली, परिणाम एकच. म्हणजे मुदतवाढ ही गतकामगिरीची पावती नसून अनिश्चित भविष्यावर लावलेली बोली असते. आणि बोली फसली तर तोटा एकाच पक्षाचा.

यावर क्रीडा विभागांचे ठराविक उत्तर असते : हा पैसा देणगीदारांचा आणि खेळाच्या उत्पन्नाचा आहे, विद्यार्थ्यांच्या शुल्काचा नव्हे. अर्थशास्त्राला हे पटणारे नाही. पैशाला रंग नसतो. जी देणगी माजी प्रशिक्षकाला घरी बसविण्यात खर्ची पडते, ती ग्रंथालयाला वा शिष्यवृत्तीला मिळत नाही. करारावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशाला झळ लागत नाही; हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचाच हा प्रकार.

प्रशिक्षकाला संरक्षण नको, असे कोणी म्हणणार नाही. चार पराभवांनी संसार उघड्यावर पडू नये, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु संरक्षणालाही मर्यादा घालता येते. पेन स्टेट विद्यापीठाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जेम्स फ्रँकलिन यांना दूर केले, तेव्हा सुमारे ४.९ कोटी डॉलरचे देणे उभे राहिले. पण दुसरी नोकरी शोधण्याचे बंधन त्यांच्या करारात होते. ते व्हर्जिनिया टेककडे गेले आणि देणे ९० लाख डॉलरवर मिटले. फिशर यांच्या करारात असे कलम नव्हते. एका कलमाने कोट्यवधींचा फरक पडतो, तो असा.

अमेरिकेतील बहुसंख्य महाविद्यालयीन अध्यापक आज कायम नेमणुकीविना, मुदतीच्या करारांवर शिकवितात. त्यांची मुदत संपली की वेतनही संपते. शाश्वती परवडत नाही, असे त्यांना सांगणाऱ्या विद्यापीठांना हकालपट्टी मात्र परवडते. प्रश्न पैशाच्या टंचाईचा नाही, अग्रक्रमाचा आहे.