श्वासाला पूर्वमंजुरी

झोपेत तासाला ३८ वेळा माझा श्वास थांबतो किंवा मंदावतो, असे सांगणारा अहवाल २०१८ साली माझ्या हाती पडला. पाचाच्या आतला आकडा सामान्य आणि तिसाच्या वरचा तीव्र, असे त्या शास्त्राचे गणित आहे. तपासणीच्या खाटेसाठी मी चार महिने थांबलो होतो. अहवालानंतर यंत्राच्या मंजुरीसाठी आणखी अकरा आठवडे थांबलो. या काळात माझ्या प्रकरणावर तीन शंका काढण्यात आल्या. यापूर्वी असे यंत्र घेतलेले नसल्याचे प्रमाणपत्र जोडावे, ही त्यांपैकी एक. न घेतलेल्या वस्तूचे प्रमाणपत्र कोणी द्यावे, हे मात्र कळविलेले नव्हते. शंका काढणाऱ्या गृहस्थांना मी दोष देत नाही. तीस वर्षे मीही दुसऱ्यांच्या प्रकरणांवर अशाच शंका काढीत आलो आहे, आणि त्यांतल्या काही मला त्या वेळी फार चातुर्याच्या वाटल्या होत्या.

स्लीप ॲपनिया या विकारात झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग मिटतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, आणि हे रात्रभर चालते. सकाळी रुग्णाला त्यातले काहीच आठवत नाही. साक्षीदार असतो तो शेजारी झोपणारा. बदलीच्या गावी एकट्याने राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तोही नसतो. मुले पुण्यात शिकतात, पत्नी त्यांच्याजवळ, आणि साहेब दिल्लीच्या सरकारी निवासस्थानात एकटेच घोरतात. माझे निदान २०१७ च्या दिवाळीत घरी गेलो असता पत्नीने केले. डॉक्टरांनी त्यावर पुढे शिक्कामोर्तब केले. त्यातही आपल्याकडे घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण मानतात, त्यामुळे वर्षानुवर्षे विनोदापलीकडे गोष्ट जात नाही.

दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी २०२३ साली मांडलेल्या अंदाजानुसार भारतात सुमारे १०.४ कोटी प्रौढांना हा विकार आहे, आणि त्यांपैकी ४.७ कोटींचा मध्यम वा तीव्र स्वरूपाचा. एवढ्या लोकांना पुरतील इतक्या तपासणीच्या खाटा देशात नाहीत, हे उघड आहे. मात्र माझा आक्षेप तुटवड्याला नाही, तुटवड्यावर आपण रचलेल्या कार्यपद्धतीला आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून सांगतो, रांग हीसुद्धा किंमतच असते. फरक इतकाच की ती कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. अकरा आठवड्यांच्या विलंबाने शासनाचा एक रुपयाही खर्च झाला नाही, असे लेखापरीक्षक म्हणेल. वाढलेला रक्तदाब, बैठकीत लागलेली डुलकी आणि तिच्या भरात झालेली सही यांना त्याच्या वहीत रकाना नाही.

पूर्वमंजुरीचे समर्थन ठरलेले आहे. ती नसेल तर लोक गरज नसताना यंत्रे घेतील आणि कपाटात ठेवून देतील. भीती अगदीच निराधार नाही. तोंडावर मुखवटा बांधून झोपणे अनेकांना जमत नाही. पण ज्या यंत्राविषयी ही भीती आहे, ते सीपॅप यंत्र रोज रात्री किती तास वापरले गेले याची नोंद स्वतःच ठेवते. आपल्या दौऱ्यांच्या देयकांनाही इतका प्रामाणिक साक्षीदार मिळत नाही! अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेत यंत्र आधी बारा आठवड्यांच्या चाचणीसाठी मिळते. सलग तीस दिवसांच्या काळात किमान ७० टक्के रात्री चार तास वापर दिसला, तर पुढे चालू राहते. म्हणजे तेथे वापर तपासतात, आपण अर्ज तपासतो. तसेच तपासणीचे. साध्या, गुंतागुंत नसलेल्या रुग्णाची तपासणी घरच्या घरी छोट्या उपकरणाने करता येते, हे अमेरिकेतील निद्राविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत मान्य केले आहे. माझा अर्ज रुग्णालयातील खाटेवरच्या रात्रीवाचून पुढे सरकत नव्हता.

आणि रांग अटळच असेल, तर तिला क्रम तरी असावा. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत, वाहन चालविणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांना तपासणीत प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे. आपल्याकडे व्यावसायिक चालकाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात दृष्टी, रंगज्ञान, श्रवण यांची विचारणा होते. झोपेची होत नाही. घोरणे, दिवसाचा थकवा, श्वास थांबल्याचे कोणी पाहिले का, रक्तदाब, वजन, वय, मानेचा घेर आणि लिंग, एवढ्या आठ प्रश्नांची चाळणी २००८ पासून जगभर वापरात आहे. ती छापायला अर्धे पान लागते.

माझे ते महिने निभावले. कुशीवर झोपायचे, मद्य व झोपेची गोळी वर्ज्य, स्वतः गाडी चालवायची नाही, हे डॉक्टरांनी सांगितले आणि मी पाळले. शेवटी यंत्र भाड्याने आणले. ते भाडे मला परवडले.

माझ्या कार्यालयीन गाडीचा चालक कंत्राटी होता. जाड मान, वाढलेला रक्तदाब, आणि लाल दिव्याला मिटणारे डोळे. आठांपैकी सहा प्रश्नांची उत्तरे मला मागच्या आसनावरूनच देता आली असती. मी त्याला रुग्णालयात पाठविले. तारीख पाच महिन्यांनंतरची मिळाली. तोवर त्याला टेबलावरचे काम द्यावे, अशी टिपणी मी तयार केली. नियुक्ती चालकाची आहे, गाडी नाही तर रोजगार नाही, असे कंत्राटदाराने तोंडी कळविले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीचे दार धरून उभा होता. म्हणाला, "साहेब, तेवढा कागद पुढे पाठवू नका."

मी पाठविला नाही. त्यानंतरचे पाच महिने गाडी तोच चालवीत होता, आणि मी पुढच्या आसनावर बसून सारा रस्ता त्याच्याशी बोलत राहत असे.