दाब हरवतो कुठे, हे तुम्हाला ठाऊक आहे

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
पेन टॅब्लेट कंपनी
(नाव छापत नाही, माझ्या तक्रारी तुमच्या दफ्तरी आहेतच.)

महोदय,

प्रत्येक तक्रारीला तुमचं उत्तर एकच: ‘ड्रायव्हर काढा, पुन्हा टाका.’ सॉफ्टवेअरवाले ड्रायव्हरकडे बोट दाखवतात, तुम्ही सॉफ्टवेअरकडे. या टोलवाटोलवीत वॉरंटी संपत आली. वर ‘टॅब्लेट बंगळूरला पाठवा’ म्हणता. निपाणीहून बंगळूर 500 किलोमीटरच्या पुढे, पुणं त्याच्या निम्म्यावर. पण पत्त्यात कर्नाटक आहे म्हणून पुण्याचं सेंटर दार उघडत नाही.

खोक्यावर तुम्ही 8192 दाबपातळ्या छापल्यात. फोटोशॉपमध्ये त्यातली एकच उरते. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांसाठी मी हातानं अक्षरं काढतो. ‘शि’ची वेलांटी बारीक सुरू होऊन वळणावर जाड व्हायला हवी, ती सुतळीसारखी एकाच जाडीची उतरते. पेन क्षणभर टेकवलं की टोकाभोवती गोल उमटतो आणि राइट क्लिकचा मेनू उघडतो. लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या केसांच्या बटा कापताना हे झालं की काम पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाईक थांबत नाही, ते कोल्हापूर गाठतं.

दुखणं कुठं आहे ते मला शोधावं लागलं. तुमच्या ड्रायव्हर विभागाला ते माहीत नसेल, हे मी मानणार नाही. विंडोजमध्ये पेनचा दाब दोन वाटांनी पोचतो: जुनी विनटॅब आणि मायक्रोसॉफ्टची विंडोज इंक. फोटोशॉप 2014 च्या आवृत्तीपासून विंडोजचीच वाट धरतो. कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ लिहून त्याला विनटॅबवर नेता येतं. क्रिता आणि क्लिप स्टुडिओ पेंटमध्ये वाट सेटिंगमधून निवडता येते. ड्रायव्हर एका वाटेवर आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या, की दाब गेलाच. त्यात आधीच्या कंपनीच्या टॅब्लेटची विनटॅब32 डीएलएल फाइल सिस्टिम32 मध्ये मागे राहिली असेल, तर तुमचा ड्रायव्हर पुन्हा टाकूनही भांडण मिटत नाही.

हे सगळं एका पानात मावतं. ते पान खोक्यात का नाही? तुमच्या फोनवरच्या माणसांच्या हातात का नाही? रोजच्या कामावर पोट असलेल्यांनी तुमच्या मौनाचा भुर्दंड का सोसायचा?

माझ्या मागण्या तीन. कोणत्या सॉफ्टवेअरला कोणतं सेटिंग, याचा तक्ता मराठी आणि कन्नडमध्ये द्या. जुन्या ड्रायव्हरच्या फाइली मुळापासून काढणारं साधन द्या. तक्रारीत वाया गेलेला काळ वॉरंटीत वाढवून द्या.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा सेवेतली त्रुटी आहे. कलम 34 नुसार ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा लागत नाही. लेखी उत्तर आलं नाही, तर मी बंगळूरला येणार नाही. तुम्हाला बेळगावला यावं लागेल.

निपाणीतला तुमचा एक ग्राहक