वस्तीचे मोल कोणाचे?

लालबाग-परळमध्ये घर घेऊ पाहणारा नोकरदार केवळ विटा-सिमेंटची किंमत मोजत नाही. जवळचे रेल्वे स्थानक, महापालिकेचे केईएम रुग्णालय, शाळा, गजबजलेला बाजार, हाकेला धावणारा शेजार यांचीही किंमत तो मोजतो. हे सारे करदात्यांच्या पैशाने आणि चाळीत राहणाऱ्या गिरणी कामगारांच्या पिढ्यांनी उभे केले. त्यातून वाढलेले जमिनीचे मोल मात्र जमीनमालक व बिल्डर यांच्या पदरात पडते. अर्थशास्त्रात यालाच अनर्जित उत्पन्न म्हणतात.

हे उत्पन्न समाजाकडे वळविण्याची संधी शासनापुढे चालून आली होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने विकासास काढलेल्या गिरण्यांच्या जमिनीचा मोठा हिस्सा महापालिका व म्हाडा यांच्यासाठी राखला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतीच उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदाही २००७ मध्ये राज्याने मोडीत काढला.

परिणामी, ज्यांनी वस्ती घडविली त्यांच्याच मुलांना विरार-डोंबिवलीची वाट धरावी लागते. आयुष्यभराचे कर्ज डोक्यावर घेणारा नवा खरेदीदार त्यांचा शत्रू नव्हे. तोही त्याच व्यवस्थेचा देणेकरी आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी दोघांना एकत्र आणून मागणी करावी: सार्वजनिक जमीन विकू नये, आणि पुनर्विकासातील वाढीव मोलातून त्याच वस्तीत परवडणारी भाड्याची घरे बांधावीत. समाजाने निर्माण केलेले मोल समाजाकडेच परतले पाहिजे.