मूळ कागद घरी, प्रत गावाच्या दप्तरात

मा. आयुक्त,
नवी मुंबई महानगरपालिका, यांस

महोदय,


गेल्या रविवारी महापे गावातल्या एका घरी आम्ही पत्र्याची जुनी ट्रंक उघडली. वर लग्नातला शालू होता. त्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबाऱ्याचे उतारे, शेतसाऱ्याच्या पावत्या आणि भूसंपादनाची एक नोटीस होती. नोटीस घडीवर फाटली होती आणि नेमका सर्व्हे नंबर फाटीत गेला होता. घरातल्या ऐंशी वर्षांच्या आजींनी तो तोंडपाठ सांगितला. शेताला काय म्हणत, बांधावर कोणतं झाड होतं, पाणी कुठून वळवत, हेही सांगितलं. त्या बाजूला आज एमआयडीसीचा इलेक्ट्रॉनिक झोन आहे. तिथल्या पत्त्यांत शेतांची नावं नाहीत, 'ईएल'ने सुरू होणारे प्लॉट नंबर आहेत.

आम्ही सात-आठ जण सुट्टीच्या दिवशी असे घरोघर जातो. मी निवृत्त शिक्षिका आहे, बाकीचे नोकरी-धंदा करणारे. आमच्याजवळ मोबाइलचा कॅमेरा आणि वह्या आहेत. या कामाला आता आमचे हात पुरत नाहीत, म्हणून हे पत्र.

महापे गावात किल्ला नाही, राजवाडा नाही. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याची भातशेती, खाडीच्या बाजूच्या गावांतली खाजणं, मिठागरं, गावदेवी आणि गावकी हाच या पट्ट्याचा इतिहास. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, 17 मार्च 1970 ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनींवर नवं शहर उभं राहिलं. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या जासईच्या लढ्यात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या बदल्यात भूखंड देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेमागे ते रक्त आहे. तो काळ जाणतेपणी पाहिलेली माणसं आज साठी-सत्तरीपुढे आहेत. लग्नात धवले म्हणणाऱ्या धवलारणीही थकल्या. त्यांची गाणी कागदावर नाहीत, त्यांच्या गळ्यातच आहेत.

इतिहासाचं काम घरातल्या दप्तरापासूनच सुरू होतं. वाईतल्या एका घरात सापडलेल्या कागदांवरून वि. का. राजवाडे यांनी 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. लोकांनी माळ्यावरची दप्तरं विश्वासाने हवाली केली, म्हणून आज तिथे लाखो कागद सुरक्षित आहेत.

आमच्याकडे मात्र एक मोठी अडचण आहे. इथला कागद नुसता जुना नाही, तो हक्काचा पुरावा आहे. वाढीव मोबदला, साडेबारा टक्क्यांचा भूखंड, गावठाणातलं घर, सगळ्यांना तोच लागतो. 'एकदा दिलेला कागद परत येत नाही,' हे आमच्या पट्ट्यातलं अनुभवाचं बोलणं आहे. माझ्या सासऱ्यांनीही एका कार्यालयात मूळ पावती जमा केली होती. ती पुन्हा दिसली नाही. त्यामुळे उद्या सरकारी गाडी दारात आली, तर ट्रंक उघडणार नाही. ओळखीतली, गावातली माणसं गेली तरच उघडेल. आमच्यासारख्या स्थानिक इतिहास मंडळाला बळ द्यावं, असं मी म्हणते ते याच कारणाने.

आमचं मागणं मोठं नाही. महापे परिसरातल्या पालिकेच्या एखाद्या वास्तूत संध्याकाळपुरती एक खोली द्यावी. एक चांगला स्कॅनर, आवाज टिपण्याचं यंत्र आणि ते चालवायला पगारी माणूस द्यावा. नियम एकच असावा: कागद मालकासमोर स्कॅन व्हावा, मूळ कागद त्याच क्षणी त्याच्या हाती परत जावा आणि कोणती प्रत इतरांनी पाहायची, ते त्याने ठरवावं. संपादनाआधीचे गावनकाशे एमआयडीसी, सिडको आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून मिळवून द्यावेत, म्हणजे शेतांची नावं त्यांवर लिहिता येतील. पालिकेच्या शाळांतल्या मुलांना महिन्यातून एक तास आजी-आजोबांकडे पाठवावं. यातली बरीच मुलं बिहार, विदर्भ, मराठवाड्यातून आलेल्या घरांतली आहेत. त्यांच्या घरच्या गोष्टीही याच दप्तरात यायला हव्यात. ही मुलंही आता महापे गावाचीच आहेत.

ऐरोलीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात आपल्या पालिकेने उत्तम ग्रंथालय उभारलं. ज्ञानासाठी खर्च करणारी ही पालिका आहे, हे आम्ही पाहिलं आहे. म्हणूनच हक्काने मागते आहे.

निघताना त्या आजींनी कागद पुन्हा पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली आणि विचारलं, "हे वाचायला पुन्हा कोण येईल?" मी 'आम्ही येऊ' म्हणाले. तो शब्द पाळायला आपली साथ हवी.

आपली विश्वासू,
महापे गावातील एक निवृत्त शिक्षिका